ब्लॉक गेला म्हणजे काय?

शेळगावचा जोतीराम कुणावर एकाएकी विश्वास टाकत नसे, आणि नुसत्या शब्दावर तर मुळीच नाही. चाळिशीपर्यंत त्याने मेंढरे राखली. आजारी जनावराच्या रोगाचे नाव एका जाणत्याने सांगितले की तो दुसऱ्याकडे जाई. पहिला काय बोलला ते तोंडातून काढत नसे, आणि दुसऱ्यानेही तेच नाव घेतले तरच औषधपाण्याला हात घाली. पुढे मेंढरे गेली आणि त्र्याण्णव साली त्याने एक जुनी डिझेल जीप घेतली. शेळगाव ते इंदापूर, बाजाराच्या दिवशी बारामती, अशी जीपमध्ये प्रवासी भरून नेण्याची वडाप तो करू लागला. पारखण्याची रीत मात्र त्याने सोडली नाही.

‘क्लच प्लेट गेली’ असे कुणी म्हटले की तो विचारी, गेली म्हणजे काय झाले? मोडली, झिजली की जळली? प्लेट हातात घेऊन तिचे अस्तर नखाने खरवडून पाहिल्याशिवाय त्याचे समाधान होत नसे. एअर घेतला म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. स्टेअरिंगला प्ले आला म्हणजे सांधे ढिले पडले, चाक फिरवले तरी गाडी लगेच वळेनाशी झाली. असा एकेक शब्द त्याने हात लावून आपलासा केला होता.

“लोकं गाडी दुरुस्त करून आणत्यात,” त्याची बायको सारजा म्हणे, “तुमी मिस्त्रीची झडती घिऊन येता.”

शहाण्णवच्या उन्हाळ्यात जीप वारंवार तापू लागली. इंजिनातल्या तेलाची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर चहाच्या रंगाचा फेस. बारामतीचे आबासाहेब मिस्त्री वयाने आणि मानाने मोठे. त्यांनी पट्टी क्षणभर पाहिली आणि फडक्याला पुसली.

“ब्लॉक गेलाय, जोतीराम.”

“गेला म्हंजी?”

“तडकलाय. ब्लॉक म्हंजी इंजिनाचं धड. आत पिस्टन पळत्यात, भोवतीनं पाणी फिरतं. तडा गेला की ते पाणी तेलात उतरतं.”

“तडा दावा मला.”

“केसापरास बारीक असतोय. डोळ्याला दिसत न्हाय.”

“मग तुमाला कसा दिसला?”

आबासाहेब हसले. “आता माझी परीक्षा घेतुस व्हय? गाडी हितंच सोड. मोडीत घेणारं गिऱ्हाईक मी बघतो.”

ते शेवटचे वाक्य जोतीरामाच्या मनात रुतले. ज्याचा पुरावा दिसत नाही असा रोग सांगायचा, आणि गिऱ्हाईकही आपणच पाहायचे. जीप मोडीत गेली तर पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला लोणी देवकरला एखाद्या कारखान्याच्या फाटकावर पहारा करत उभे राहणे भाग होते. त्याने जीप तिथे सोडली नाही. एका ट्रॅक्टरला बांधून ती इंदापूरला मानसिंग मिस्त्रीकडे नेली, आणि आपण आधी कुठे गेलो होतो याचा उच्चारही केला नाही.

मानसिंगाने पट्टी पाहिली. “ब्लॉक गेलाय, तात्या.”

एरवी इथे संशय फिटला असता. जोतीरामाने विचारले, “धंदा कुठं शिकलास?”

“बारामतीला. आबासाहेबांच्या हाताखाली सात वर्सं.”

म्हणजे तोंडे दोन असली तरी शब्द एकाच घरचा होता. दोघांचे आतून ठरलेले असेल, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

“उघड,” तो म्हणाला. “माझ्यासमोर उघड. मी हितनं हालत न्हाय.”

दोन तासांनी ब्लॉकवरचे जड झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते उतरले. झाकण आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी पातळ गॅसकेट पाण्याच्या भोकापाशी जळून गेली होती; पाणी तेलात तिथूनही उतरू शकत होते. मानसिंगाने ब्लॉक रॉकेलने माखला, कोरडा पुसला आणि वर खडू चोळला. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवते, ही युक्ती त्याने साखर कारखान्यातल्या एका फिटरकडे पाहिली होती. बराच वेळ गेला. रेघ उमटली नाही.

“पट्टीवर फेस दिसला की वस्ताद ब्लॉकच म्हणायचे,” मानसिंग खाली मान घालून म्हणाला. “मीबी म्हणत आलो.”

“उघडून बघितलं न्हाईस कधी?”

“ब्लॉक म्हटलं की गिऱ्हाईक गाडी मोडीत घालतंय, उघडायला थांबतंय कुठं, तात्या?”

गॅसकेट बदलली, जीप चालू झाली. जोतीरामाला तेवढ्यावर थांबता आले असते. तो जळकी गॅसकेट कागदात गुंडाळून बारामतीला गेला.

“ह्यो तुमचा गेलेला ब्लॉक.”

आबासाहेबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. “चुकलं माझं,” ते म्हणाले. आणि ती परत देत, “पर मी तुला फशिवलं, असं तुझ्या मनात हाय.”

“हाय.”

“तितं बघ. सुप्याच्या आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर. त्यालाबी मी ब्लॉकच सांगितलाय. उद्या मोडीत जायचा हाय.”

“उघडा.”

आबासाहेबांनी स्वतः पान्हा घेतला. हेड उतरले तर गॅसकेट शाबूत. जोतीरामाने रॉकेल आणि खडूची युक्ती सांगितली. पांढऱ्या खडूवर, दोन सिलिंडरांच्या मधोमध, एक ओली रेघ सावकाश उमटत गेली. जोतीरामाने तिच्यावरून नख फिरवले. आबासाहेब वाकून पाहत राहिले. तीस वर्षे ज्याचे नाव घेतले तो तडा ते पहिल्यांदाच पाहत होते.

“म्हंजी ह्याचं तरी माझं खरं निघालं,” ते म्हणाले.

“निघालं. पर खरं हाय का खोटं, ते तुमाला ठावं नव्हतं.”

आबासाहेबांनी पान्हा खाली ठेवला. लबाडी उघडी पडली असती तर जोतीरामाला सोपे गेले असते, कारण लबाड माणूस टाळता येतो. हा माणूस प्रामाणिक होता, आणि सवयीने बोलत होता. अशा माणसाचा शब्द केव्हा खरा धरावा?

दिवाळीनंतर जीपच्या गिअरबॉक्समधून आवाज येऊ लागला, तेव्हा तो बारामतीलाच आला. आबासाहेब कान देऊन ऐकत राहिले, पण रोगाचे नाव काही त्यांनी घेतले नाही. पान्ह्यांची पेटी ओढली आणि बसायला एक खोके जोतीरामाकडे सरकवले. आतले दिसावे म्हणून जोतीराम उभाच राहिला.