मोहाच्या झाडावरचं बटन

माझ्या फोनला एक जादा बटन आहे. उजव्या कडेला, खाली. ते फक्त फोटो काढतं. जव्हारच्या बाजारात जुने फोन विकणाऱ्याने फोन हातात देताना सांगितलं होतं, "ताई, हे बटन कशाला दिलंय देव जाणे. तुम्ही लक्ष देऊ नका."

मी दिलं नाही. पण जव्हार-मोखाडा जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन दाटीवाटीने बसलं की ते आपोआप दाबलं जायचं. घरी येऊन बघावं तर पिशवीतल्या अंधाराचे साठ फोटो, मधेच माझ्याच पत्रकाचा एक कोपरा: 'जाब विचारा!' मी त्या बटनाला शिव्या घालायचे. तेव्हा मला अक्कल नव्हती, हे आता लिहून टाकते.

मी साखरशेतची. पत्रकं लिहिते, वाटते, मोर्चात ओरडते. पत्रकाचा नियम असा, की पहिल्या ओळीत गुन्हा आणि शेवटच्या ओळीत मागणी. इथे गुन्हा पहिल्या ओळीत आला नाही, म्हणून आता सांगते.

सूर्यमाळच्या अंगाला एक पाडा आहे. मे महिन्यात त्याची विहीर तळाला जाते आणि मग टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो. यंदा त्या टँकरला ॲप लागलं. ॲपच्या नियमांचा कागद म्हणतो, एका फोटोत विहीर, टँकरचा नंबर, पडतं पाणी आणि पाणी समितीच्या अध्यक्ष दिसल्या पाहिजेत. त्याच कागदावर खालची ओळ: फोटो अध्यक्षांनी स्वतः काढावा. आणि ॲपमध्ये कॅमेरा फक्त मागचा उघडतो, म्हणजे सेल्फीही नाही. ज्याने हे लिहिलं त्याने दोन ओळींच्या मधे बहुतेक चहा घेतला असावा. फोटो मंजूर नाही तर खेप झालीच नाही. अशा तीन खेपा बुडाल्या की पाड्याचं नाव यादीतून बाद.

दोन बुडाल्या होत्या. पाणी आलं होतं, बायकांनी भरलं होतं, गुरं प्याली होती, आणि सरकारदरबारी ते आलंच नव्हतं.

अध्यक्ष म्हणजे एक डोसी. म्हातारीला तिकडे डोसी म्हणतात. समितीत बाई हवी होती, तरण्या बायका तेव्हा वीटभट्टीवर गेलेल्या, हिला केलं. पहिल्या खेपेला तिने समितीचा फोन हातात घेऊन काचेवर बोट टेकलं. काही नाही. अंगठा टेकला. काही नाही. जन्मभर भाताची रोपं लावून आणि मोळ्या बांधून तिच्या बोटांची कातडी खुरासारखी झालेली. काचेला वाटलं, कुणी आलंच नाही. टँकर रिकामा झाला तरी डोसी टेकतच होती. दुसऱ्या खेपेला ती विहिरीशी उभी राहिली आणि डायव्हरने फोटो काढला. फोटो छान आला. मग कचेरीतून फोन आला, "फोटो कुणी काढला?" डोसी म्हणाली, "डायव्हरनं." बाद.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी मी तिथे पोचले ती पत्रक घेऊनच. 'अध्यक्षांना बटनाचा फोन द्या!' डोसीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं.

"छान हाय. हंडा भरंल यानं?"

मग मला माझा फोन आठवला. तिचं सिमकार्ड माझ्या फोनमध्ये घातलं, ॲप उघडलं, तिचा अंगठा बटनावर ठेवला. बटनाला दोन पायऱ्या आहेत. अर्धं दाबलं की हिरवी चौकट येते आणि चित्र नीट होतं, पुरतं दाबलं की फोटो. मला हे समजायला दोन वर्षं लागली. तिला म्हटलं, भाताचं शीत शिजलंय का बघताना दाबतेस ना, तेवढंच आधी, मग चिरडायचं. पहिल्याच फटक्यात जमलं. तिने एका कोंबडीचा इतका स्वच्छ फोटो काढला की मला माझीच लाज वाटली.

"पन मी कुठं हाय यात?" ती म्हणाली.

तेच तर. ती फोटोत नव्हती.

"हे बघ आजी," मी म्हटलं, "तू विहिरीशी उभी राहा. बटन मी दाबते. विचारलं तर सांग तूच दाबलं."

आजूबाजूच्या चार बायकांनी हंडे खाली ठेवले. डोसीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विहिरीत थुंकले.

"पान्याजवळ खोटं बोलत नाय बाय. ती ऐकते." विहिरीकडे हनुवटी केली. "खोटं बोललं की झरा फिरतो."

मी मोर्चातली पोरगी, मला राग आला. म्हटलं, तिकडे सगळं कागदावर खोटं चालतं, आणि आपणच तेवढे खरे? एक बाई म्हणाली, "त्यांच्या घरी नळ हाय गं. त्यांचं काय फिरनार?"

मी पत्रकाची घडी घालून ते पिशवीत टाकलं.

तेवढ्यात डोसीने माझ्या हातातून फोन घेतला. बटन अर्धं दाबलं, सोडलं. पुरतं दाबलं, सोडलं. कानाशी धरून पुन्हा दाबलं. मग सुनेला म्हणाली, "उंदराचा सापळा आन."

कापणीच्या वेळी खाचरात उंदरांसाठी लावतात तो. बांबूची काठी, तिच्यावर दगडाचा भार, तो भार अडवून धरणारी बारीक खुंटी. खुंटी सुटली की दगड काठीला खाली ओढतो. काचेला असल्या सापळ्याने काही होणार नाही. बटनाला होतं. विहिरीसमोरच्या मोहाच्या झाडाला बेचकं आहे, त्यात माझा फोन चिंध्यांनी आवळून बसवला, बटन वर. त्यावर काठी, खुंटीला दोरी, दोरीचं टोक विहिरीपर्यंत.

पहिला दगड आणला तो नारळाएवढा. मी किंचाळले, "अगं फोन आहे तो, घूस नाही!"

दुसरा फारच हलका. हिरवी चौकट आली, चित्र नीट झालं आणि सगळं तिथेच थांबलं. डोसी म्हणाली, "याचं शीत कच्चं ऱ्हायलं." तिसरा होता फुटक्या वरवंट्याचा तुकडा. खट्. फोटो.

आता टँकर आला. डायव्हर उतरला, झाडाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. "मावशी, ये क्या, बॉम्ब लगाया?"

"नळ खोल," डोसी म्हणाली.

"एकदा खोलला की दहा मिनिटांत खाली होतो हां. मग मला बोलायचं नाही."

त्याने खोलला. पाणी विहिरीत धबाधबा पडायला लागलं. बायका फोटो म्हटल्यावर लग्नातल्यासारख्या ओळीने विहिरीपुढे उभ्या राहिल्या, विहीर झाकून. मी ओरडून त्यांना हलवलं, तर टँकरचा नंबर झाकला. परत हलवलं. डोसीने दोरी ओढली. खुंटी निघेना. परत ओढली. टँकरची धार बारीक व्हायला लागली आणि मी काय केलं असेल? घोषणा दिली. सवयीने तोंडातून निघाली, "कोण म्हणतं देत नाय!" आणि बायकांनी, त्याही सवयीनेच, मुठी वर केल्या. त्याच क्षणी डोसीने दोरीला झटका मारला. खट्.

दगड काठीवर बसून राहिला, बटन दाबलेलंच, फोन फोटो काढत सुटला. त्यातला एक ॲपने घेतला: विहीर, नंबर, धार, मुठी आणि मधे दोरी धरलेली डोसी, तोंड उघडं, नजर झाडावर.

दुपारी कचेरीतून बोलावणं आलं. कुठली कचेरी ते लिहीत नाही. साहेबांनी फोटो मोठा करून बघितला.

"या फोटोत तर तुम्ही स्वतः आहात. मग काढला कुणी?"

"मीच," डोसी म्हणाली.

"कसा?"

"फास लावून."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार एवढ्यात कोपऱ्यातले कारकून उठले. इकडच्याच दाभोसा गावचे ते. खाली बघत म्हणाले, "साहेब, आमच्याकडे ज्यानं फास लावला त्याचाच ससा धरतात. तो घरी झोपलेला असला तरी."

"ससा कुठे आहे यात?"

"तसं नाही साहेब. फोटो त्यांचाच, एवढंच म्हणतो."

साहेबांनी पुन्हा बघितलं. ॲपमध्ये दोनच पर्याय होते, 'स्वतः' आणि 'अन्य'. 'फास' असा पर्याय नव्हता. त्यांनी बोट आधी एकावर नेलं, मग दुसऱ्यावर. तेवढ्यात त्यांच्याच खिशातून आवाज आला, खट्, खट्, खट्. त्यांच्या नव्या, भारी फोनलाही कडेला तसलंच बटन होतं.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या खिशाचे फोटो निघतायत."

त्यांनी फोन काढला, बघितलं, आणि एकदम दमल्यासारखे झाले. "म्हणजे हे याने होतं? मी दुरुस्तीला टाकणार होतो." मग त्यांनी ॲपमध्ये 'स्वतः' दाबलं. मंजूर.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. तिसऱ्या दिवशीही. पाड्याचं नाव यादीत आहे. माझी मागणी मात्र बदललेली नाही: तो कागद लिहिणाऱ्याने एकदा स्वतः विहिरीशी उभं राहून स्वतःचा फोटो स्वतः काढून दाखवावा. दोरी आम्ही देऊ.

फोन अजून त्या मोहाच्या बेचक्यात आहे, पाऊस लागेपर्यंत तो मला मिळायचा नाही. मधे एकदा गेले तेव्हा डोसीच्या ओट्यावर हंड्याशेजारी तो वरवंट्याचा तुकडा फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. सुनेने चटणी वाटायला मागितला, तर तिला म्हणाली, "दुसरा बघ. याचं वजन जमलेलं हाय."