माने साहेबांची बरणी

विश्रामबागेतून माने साहेबांच्या घरून फोन आला तेव्हा मी कोरेगावच्या दवाखान्यात एका म्हशीला इंजेक्शन देत होतो. "साहेब गेले," एवढंच ऐकू आलं. माने साहेब म्हणजे जनावरांचे डॉक्टर, माझे पहिले वरिष्ठ. महिना झाला, पण एक गोष्ट बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

नोकरीत नवा होतो, उतावळाही. शेवंताबाईची गाय व्यायल्यापासून माजावर येत नव्हती. बाई एकटी, घर त्या एका गाईच्या दुधावर. अशा गाईच्या अंडाशयावर एक पिवळा गोळा ठाण मांडून बसतो. शेणाच्या वाटेनं हात घालून तो बोटांनी फोडायचा, ही आमची सर्रास रीत. साहेबांना ती मुळीच पसंत नव्हती. "आधी गर्भाची पिशवी बघ रं," म्हणायचे. त्या दिवशी ते शेजारच्या गोठ्यात होते, बाई गरम पाणी आणायला घरात. मी गोळा फोडला. केवढा पराक्रम वाटला मला! ...आतल्या आत रक्तस्राव होऊन सकाळी गाय मेली.

शेवंताबाई ऊर बडवून रडत होती. साहेब पुढे झाले. "बाई, कालचा हात माझा होता." मी गप्प राहिलो. हो, गप्प!

गाय फाडली तेव्हा गर्भाशयात पू निघाला. साहेबांनी ते गर्भाशय अंडाशयासकट बरणीत जपलं. अंडाशयाच्या धमनीला लाल धागा बांधला, गर्भाशयाच्या शिरेला निळा. "बघ, कशा बिलगून चालतात दोघी. पिशवी धड असली की याच वाटेनं अंडाशयाला निरोप जातो, गोळा आपोआप विरतो. आजारी पिशवी काय निरोप धाडणार? तिला बरं करायचं सोडून तू गोळ्याशी भांडत बसलास." त्यापुढे कधी एक शब्द नाही.

साहेबांच्या तेराव्याला त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, ती बरणी माझ्या हाती दिली. मला राहवेना. थेट शेवंताबाईकडे गेलो.

"मावशी, तो हात माझा होता."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "तुमच्या कोपरापातूर शेण हुतं. डाक्टरांच्या बाहीची घडीबी मोडली नव्हती. पर येवढा मोठा माणूस तुमच्यापायी खोटं बोलतुया म्हटल्यावर मी कशाला तोंड उघडू?"

बरणी आता माझ्या टेबलावर असते. लाल धागा निळ्याला तसाच बिलगून आहे. साहेब, तिला सगळं ठाऊक होतं हो... हे तुम्हाला सांगायला मी परवा फोन उचललासुद्धा.