घर स्वतःचं की भाड्याचं?

सकाळी सहाला मार्सेलनं मॉन्ट्रियलहून गाडी काढली, तेव्हा त्याला इंग्रजीची बरोबर दहा वाक्यं येत होती आणि ती दहाही मी शिकवलेली होती.

नागपूरच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो आणि २०१७च्या उन्हाळ्यात मुलाकडे कॅनडात आलो. मार्सेल मुलाचा शेजारी. वय सत्तर, धंदा प्लंबिंगचा, जन्मभर नळ दुरुस्त केले ते फ्रेंचमध्येच. त्याचा मुलगा लंडनला (इंग्लंडातलं नव्हे, इथल्या ऑन्टॅरियो प्रांतातलं) राहतो, सून इंग्रजी बोलणारी, आणि सात वर्षांच्या क्लोईला, म्हणजे नातीला, फ्रेंचचा गंध नाही. मागच्या नाताळात ती आजोबांकडे आली आणि तीन दिवस बापाच्या मागे लपून राहिली. बाप दुभाष्या झाला. नातीशी बोलायला मधे माणूस कशाला, असं मार्सेल मला कळवळून विचारायचा. तेही माझ्या मुलाला मधे बसवूनच.

थँक्सगिव्हिंगच्या (ऑक्टोबरातल्या इथल्या सणाच्या) जेवणाला मार्सेल मला घेऊन लंडनला जाणार होता, त्याला तीन आठवडे उरले होते. एवढ्यात व्याकरण काय शिकवणार? माणूस भेटल्यावर माणूस जे विचारतो तेवढंच शिकवायचं, असं मी ठरवलं. जेवलात का? गाव कोणतं? वाळलात की हो. मुलं काय करतात? घर स्वतःचं की भाड्याचं? अशी दहा वाक्यं वहीत उतरली. माझ्या सुनेनं यादी वाचून कपाळाला हात लावला. "बाबा, इथे असं कोणी विचारत नाही. वेदरवर बोलायचं असतं." हवा काय, खिडकीतून दिसतेच, असं म्हणून मी वही मिटली.

रस्ता सरळसोट होता. दोन्हीकडची मेपलची झाडं दसऱ्याच्या दिवशीच्या रिक्षांसारखी झेंडूच्या रंगात नटली होती. पहिल्या पेट्रोल पंपावर मार्सेलनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हॅव यू ईटन?" ती बिचारी दचकली आणि माझी सुट्टी अकराला आहे, असं म्हणाली. मार्सेलनं मान डोलावून तिला जणू परवानगीच दिली.

किंग्स्टनजवळ आम्ही कॉफीला थांबलो. मी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. शेजारच्या टेबलावर एक ट्रकचालक बसला होता, दोन खुर्च्यांना पुरून उरेल असा. मी डोळ्यांनी खुणावेपर्यंत मार्सेल बोलून चुकला होता की तुम्ही फार वाळलात. आता मार खातो, असं मला वाटलं. त्या माणसानं पोटाकडे पाहिलं, मग मार्सेलकडे, आणि उठून त्याचा हात हातात घेतला. दोन महिन्यांपासून गोड सोडलंय, पण घरी कुणाच्या लक्षात आलं नाही, असं तो सांगत होता. जाताना माझ्या चार पुऱ्याही घेऊन गेला. माझी छाती फुगली.

लंडनला पोचलो आणि फुगलेली छाती खाली बसली. टेबलावर भली मोठी टर्की, भोवती उकडलेले बटाटे, आणि समोर मार्सेलच्या विहीणबाई, मोत्यांची माळ घालून. यंदा थंडी लवकर पडली, असं त्या म्हणाल्या. मार्सेलनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर स्वतःचं की भाड्याचं?"

मार्सेलच्या मुलाची सुरी टर्कीतच राहिली. विहीणबाई लालबुंद झाल्या. मी बटाट्यात तोंड खुपसलं. काय चुकलं ते मार्सेलला कळेना, पण चुकलंय एवढं कळलं. मुलगा फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटला. आता मीच बोलतो, असंच म्हणाला असणार, कारण मार्सेलचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. गडी शिकला माझ्याकडून आणि नापासही माझ्यामुळेच झाला.

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. तिथे फ्रिजचं मोठं खोकं होतं, त्याला कात्रीनं खिडकी पाडलेली, आणि आत क्लोई बसली होती. मार्सेल गुडघे कटकट वाजवत खाली बसला. आम्हाला टेबलावरून सगळं दिसत होतं.

"जेवलीस का?"

"नाही. मला टर्की आवडत नाही."

"गाव कोणतं?" त्याला दुसरं काही येत नव्हतं, तो वहीतलंच एकेक वाक्य काढत होता.

"हेच."

"मुलं काय करतात?"

"झोपलीत." तिनं खिडकीतून दोन बाहुल्या दाखवल्या.

मार्सेल जरा थांबला. एकदा हात पोळलेला माणूस तो. मग त्यानं हळूच विचारलं, "घर स्वतःचं की भाड्याचं?"

क्लोईनं आधी बाहुल्यांकडे वळून पाहिलं.

"स्वतःचं," क्लोई म्हणाली. "आत ये."

सत्तर वर्षांचा प्लंबर रांगत आत शिरला. बाहेर फक्त त्याचे मोजे राहिले. मुलगा दुभाष्याचं काम करायला उठला, तर विहीणबाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. नंतर बटाटे वाढताना त्या मला हळूच म्हणाल्या की त्यांचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, भाड्याचा आहे, पण इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही.

परतल्यावर पुढच्या रविवारी मार्सेल आमच्याकडे जेवायला होता. चार थालीपिठं झाली आणि त्याचा फोन वाजला. क्लोई होती. बापाकडून शिकून घेतलेलं एक फ्रेंच वाक्य ती अडखळत म्हणाली, "आ-तू मांजे?" (जेवलास का?)

बत्तीस वर्षांत मी हजारो मुलांना इंग्रजीत पास केलं, पण त्या इंग्रजीत कुणी कुणाला जेवणाचं विचारल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मार्सेलनं बोटं चाटली, रिकाम्या ताटाकडे पाहिलं आणि 'हो' म्हटलं तर बोलणं इथंच संपेल हे ओळखून तो वहीबाहेरचं पहिलंच इंग्रजी वाक्य म्हणाला, "नाही गं, अजून नाही."