पाळकांची प्रार्थनेची वही

ती घटना आठवली की आजही माझा आवाज आपोआप खाली येतो. नोकरीभर माझा आवाज मोठा. केबिनमध्ये बोललो तरी गेटवरच्या शिपायाला ऐकू जायचं, आणि मला त्याचा अभिमान होता!

तेव्हा मी सातपूरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. एके सकाळी चाळिशीचा, नीटनेटका माणूस अर्ज घेऊन आला. कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणजे मराठी ख्रिस्ती मंडळी ज्यांना पाळक म्हणतात ते, बायकांना द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात नेऊन गर्भपात करवतात, अशी तक्रार. समाजाची अब्रू चालली, म्हणाला. बेकायदा गर्भपाताचं रॅकेट सापडलं, असं मी तिथंच धरून चाललो.

सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याला घेऊन दवाखाना तपासला. परवाना होता, संमतिपत्रं नीट होती. डॉक्टरीणबाई नावं द्यायला तयार नव्हत्या. "कोर्टाचा आदेश आणा. नाव फोडलं तर मीच आत जाईन," म्हणाल्या. कायदा तेच सांगत होता, पण माझं डोकं फिरलं आणि मी पाळकांना बोलावलं.

साठीचा, काटकुळा माणूस. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"नावं सांगा."

"नाही सांगणार, साहेब."

"धर्माची माणसं तुम्ही, आणि हे धंदे?"

"मी कुणाला पाड म्हणत नाही, ठेव म्हणत नाही. एकटी जाऊ नको, एवढंच म्हणतो. मागं एकीनं कुणाकडून तरी औषध आणून घेतलं. तिला मीच पुरलं. तेव्हापासून सोबत जातो."

निम्म्या मंडळीनं त्यांच्या उपासनेला येणं सोडलं होतं. कुणीतरी दारावर जळकं ऑइल फेकलं होतं. "घाबरलोय, साहेब," ते सरळ म्हणाले, "पण नाव नाही."

चार दिवस मी त्यांना रोज बोलावत होतो. अर्जदाराचं नाव मी त्यांना सांगितलं नव्हतं. तोही रोज यायचा. पाळक आत गेले की मगच येऊन माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायचा, स्टाफला चहा सांगायचा. संध्याकाळी मला एकच प्रश्न विचारायचा, "नाव-पत्ता कळला का, साहेब?" तक्रारदार नेहमी पहिलं काय विचारतो? त्याला आत कधी टाकता! ह्यानं पाळकांना शिक्षा काय होईल हे एकदाही विचारलं नाही. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

चौथ्या दिवशी मी पाळकांच्या पिशवीतली वही ओढून घेतली. नावं नव्हती. रोजच्या प्रार्थनेच्या ओळी होत्या. मी टर उडवत, माझ्या नेहमीच्या आवाजात वाचली. "'निफाडला मावशीकडे असलेल्या बहिणीला शांत झोप लागू दे.' वा! ही कोण?"

बाहेर चहाचा ग्लास बाकावर ठेवल्याचा आवाज आला. मग मोटरसायकल सुरू झाली. पाळक उठून खिडकीशी गेले आणि पांढरेफटक पडले.

"साहेब, हा इथं कसा?"

"तोच अर्जदार."

"वहीतली ती बाई आमच्या मंडळीतली, तिचा नवरा आहे तो! मारहाणीला कंटाळून पळालीय ती. महिनाभर शोधतोय. मारून टाकीन म्हणतो. मावशीशी त्यांचं कधीचं तुटलेलं, म्हणून तिथं लपली होती."

तिचा पत्ता काढायलाच त्यानं मला कामाला लावलं होतं. पाळकांनी पत्ता सांगितला, मी निफाड ठाण्याला फोन लावला आणि आम्ही गाडीत बसलो. पाळक मावशीला फोन लावत होते. रिंग पूर्ण वाजायची, कुणी उचलायचं नाही. पुन्हा लावायचे. प्रत्येक पुढची मोटरसायकल मला त्याचीच वाटत होती.

पोचलो तेव्हा तो अंगणात दोन पोलिसांच्या मध्ये बसला होता. निफाडचे पोलीस त्याच्या आधी जेमतेम पाच मिनिटं आले होते. मोटरसायकलला लावलेल्या पिशवीत कोयता सापडला. मावशी द्राक्षबागेत कामाला, फोन घरात पडलेला, आणि फोन उचलायचा नाही असं तिनं भाचीला बजावलेलं.

ती दाराआड उभी होती. कितीतरी वेळ कडी काढेना. शेवटी फटीतून विचारलं, "पाळकसाहेब, ह्याला कुणी सांगितलं वो?"

पाळकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"माझ्याकडून गेलं, बाई. माझ्या वहीतून. ह्या साहेबांनी वाचवलं तुला. आता त्यांना सगळं सांग, भिऊ नको."

तिनं दार उघडलं आणि मला हात जोडले. मी तो नमस्कार घेतला.

जबाब झाला, गुन्हा दाखल झाला, नवरा आत गेला. परतताना मी पाळकांना विचारलं, असं का बोललात? "उद्या तिला पोलिसांचीच गरज लागणार, साहेब. तुमच्यावरचा विश्वास उडाला असता तर ती बोलली नसती," ते म्हणाले.

पण गोष्ट पसरलीच. पाळकांच्या पोटात काही राहत नाही, असं बायका म्हणू लागल्या. त्यांच्याकडे कुणी येईना. त्या मग कुणाकडे गेल्या, एकट्या गेल्या का, कुठलं औषध घेतलं, हे मला माहीत नाही. त्याची मला अजून भीती वाटते. पाळकांनी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही, आणि मीही नाही.

म्हणून आज लिहितो. पाळकांनी कुणाचं काही फोडलं नव्हतं. ती ओळ मी वाचली होती. मोठ्यानं, दार उघडं ठेवून.