त्यांनी माझ्या माणसाला दारू पाजली

"मावशी, तिथंच थांबा. हलू नका," सर म्हणाले.

माझ्या एका हातात चहाची किटली होती, दुसऱ्या हातात कागदी कपांची चळत. मला वाटलं, फरशीवर काही सांडलंय, पाय पडेल म्हणून थांबवलं. मी खाली बघितलं. फरशी कोरडी होती. सकाळी मीच पुसली होती.

सरांनी बोटानं खुणावून मला पुढं बोलावलं. फळ्यासमोर उभं केलं. मग बसलेल्या सगळ्यांना म्हणाले, "हिच्याकडे नीट बघा. हिचं घर कसं असेल, नवरा कसा असेल, हिला भीती कशाची वाटत असेल, लिहा. पात्र असंच सापडतं. रस्त्यावर."

मी रस्त्यावर नव्हते. मी कामावर होते.

जालन्यात एका सभागृहात कथा आणि पटकथा लिहायला शिकवणारं शिबिर होतं ते. सर पुण्याहून आलेले, मालिका लिहिणारे. ज्या वहिनींकडे मी धुणीभांडी करायचे, त्या शिबिराला बसल्या होत्या. त्यांनीच मला चहापाण्याला नेलं होतं. दारावर कापडी फलक होता, 'पात्र कसे घडवावे'. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, वाचता येतं. मला वाटलं, भांडी घडवायला शिकवतात. माझं माहेर कुंभार पिंपळगाव. मला त्यात नवल वाटलं नाही. वहिनींना मी विचारलंही, "मातीचं का तांब्याचं?" त्यांनी आत जाऊन ते सगळ्यांना सांगितलं. मग जो तो चहा घेताना कागदी कप वर धरायचा. "मावशी, हे पात्र मातीचं का तांब्याचं?" मीही हसले. तेवढ्यावर राहिलं असतं तर आज मी लिहायला बसले नसते.

मी उभी होते. लोक बघायचे, लिहायचे, परत बघायचे. पदर सारखा करावा तर हात मोकळे नाहीत. चपला दाराबाहेर काढलेल्या. पुढच्या रांगेतला एक जण माझ्या टाचांच्या भेगांकडे बघून लिहीत होता. आयुष्यात इतक्या माणसांनी मला एकदम कधी बघितलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

मग वाचन सुरू झालं. पहिल्यानं मला शांता केलं. दुसऱ्यानं सखू. नंतर एकीनं पार्वती. मला माझं नाव कुणी विचारलं नाही. शांताचा नवरा दारू पिऊन भांडी फेकायचा. सखूचा नवरा पगार गुत्त्यावर उडवायचा. पार्वतीचा नवरा पिऊन गटारीत पडायचा आणि पार्वती त्याला ओढत घरी आणायची. तिथं सगळे हसले. मी पुढच्याच्या तोंडाकडे बघायचे. वाटायचं, हा तरी वेगळं काही लिहील. तोही दारूच लिहायचा.

माझा माणूस दारू पीत नव्हता.

तो एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात होता. कावीळ झाली आणि गेला. दोन वर्षं झाली. कावीळ म्हटली की लोक एकच विचारतात. दवाखान्यात विचारलं, "किती प्यायचे?" मयतीला आलेले आपसात तेच बोलले. त्यानं थेंब कधी घेतला नव्हता. हे मी गल्लीत एकेकाला सांगत फिरले. लोक हो म्हणायचे आणि मान दुसरीकडे वळवायचे. शेवटी मी सांगणं सोडलं. बोलणंही सोडलं म्हणा. एकच घर उरलं होतं जिथं मला हे सांगावं लागत नव्हतं. वहिनींचं. त्या दवाखान्यात डबा घेऊन आल्या होत्या. त्याचे पिवळे डोळे त्यांनी बघितले होते.

म्हणून वहिनी वाचायला उठल्या तेव्हा मला धीर आला.

त्यांनी वाचलं, "गंगूचा नवरा दारूनं गेला. शेवटी त्याचे डोळे झेंडूसारखे पिवळे झाले होते. तरी गंगू त्याच्यासाठी रडते."

सर म्हणाले, "वा! हे डोळे कुणी विसरणार नाही."

डोळे त्याचे होते. दारू वहिनींची.

"माझा माणूस पीत न्हवता," मी म्हणाले.

सर हसले. "मावशी, तुमचा नाही हो. हे पात्र आहे."

मागून एक मुलगी म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा ना. आम्ही गोष्टीत दुसरं ठेवू."

मी मान खाली घातली. आमच्यात बाई उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नाही. 'आमचे हे' म्हणते, 'मालक' म्हणते. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अय, मावशी लाजल्या! उखाणा, उखाणा!" टाळ्या सुरू झाल्या. सरांनीही टाळी धरली.

विधवेला उखाणा घ्यायला कुणी सांगत नाही. एवढं बघून बघून लिहिलं, पण माझा मोकळा गळा त्यातल्या एकाला दिसला नव्हता. वहिनींना माहीत होतं. त्या हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या.

मी किटली टेबलावर ठेवली.

"लक्ष्मण," मी म्हणाले. "लक्ष्मण नाव होतं. मेला तो. काविळीनं मेला, दारूनं न्हाई. अन् पात्र तुमचं हाये तर पात्रालाच उभं करायचं होतं इथं. मला कशाला केलं?"

टाळ्या थांबल्या. सर घड्याळ बघून म्हणाले, "पाच मिनिटं थांबू." मी बाहेर आले. पायऱ्यांवर बसले. माझ्यामागं कुणी आलं नाही. आत किटलीचं झाकण वाजत होतं. माझ्याच किटलीतला चहा ओतून घेत होते.

उखाण्याबाहेर त्याचं नाव मी पहिल्यांदा घेतलं ते असं. तो असताना दार लावून म्हणायचा, "एकदा घे की, कोण ऐकून राह्यलंय?" मी घेतलं नाही. परक्यांसमोर, रागानं घेतलं. ऐकायला तो नव्हता. घरी आले तर तिथंही सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामाला गेले. वहिनी खुशीत होत्या.

"राग गेला का? अगं, सरांना माझंच आवडलं. त्याची छोटी फिल्म करायचं चाललंय, इथंच जालन्यात दाखवणार. नाव होईल बघ तुझं."

"माझं नाव गंगू न्हाई, वहिनी."

"अगं, तेच ते."

"मंग तेवढी दारू काढा त्याच्यातून."

त्यांनी विचार केला. मग मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "गोष्टीत तसं लागतं गं. दारू काढली तर त्या माणसात उरतं काय?"

त्या टोचून बोलल्या नाहीत. त्यांना खरंच दिसत नव्हतं. तेच मला जास्त लागलं. इतकी वर्षं त्यांच्या घरात मी आत-बाहेर केलं. दारू काढली तर माझ्या माणसात त्यांना काहीच सापडत नव्हतं. तर माझ्यात तरी काय सापडत असेल?

"माझा माणूस तुमच्या गोष्टीत घालू नका," मी म्हणाले.

"आता सरांनी घेतलंय गं ते. माझ्या हातात नाही."

हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं आणि निघाले. परत गेले नाही.

आता दुपारची एकटीच असते. दार लोटून लिहिते. अक्षर वाकडं येतं, जोडाक्षरात अडते. कुणाला दाखवायचं नाही.

उरतं काय ते लिहिते. तो पालीला भ्यायचा. सळईच्या भट्टीपुढं उभा राहणारा माणूस पाल दिसली की मला हाक मारायचा. भाकरीसोबत गुळाचा खडा लागायचाच, नसला तर पोरासारखा रुसायचा. पाहुण्यांना सांगायचा, "आमची सातवी शिकलीय." मी आतून ऐकायचे. खोटं बोलतो म्हणून राग यायचा आणि बरंही वाटायचं. एकदा त्यानं माझ्यावर हात उचलला होता. तेही लिहिलंय. शुद्धीत उचलला होता. मी ते दारूवर ढकलणार नाही. त्याचं चांगलं त्याचं, वाईटही त्याचंच. दोन्ही मला माहीत आहे, त्यांना नाही.

फिल्म लागेल तेव्हा मला कुणी बोलावणार नाही. तरी मी जाणार. मला चारचौघांत बोलायला आजही लाज वाटते. वाटू दे. पुढच्या रांगेत बसणार. पडद्यावर त्याचे पिवळे डोळे दिसले आणि हातात बाटली दिसली, की मी उठणार आणि म्हणणार, दिवे लावा.