खरवसाचा डबा

माझ्या घरमालकिणीच्या मुलाच्या कानशिलावर गुडघा बसला, तो आवाज मला बांधावर बसून ऐकू आला. चढाई करून तो परत फिरत होता. तिघांनी त्याला मधेच धरला, उचलला आणि आपटला. आपटताना एकाचा गुडघा आडवा आला. तो मातीत पालथा पडला, तो हलेचना. सरावाची पोरं गोळा झाली. एकानं बादली त्याच्या अंगावर उपडी केली, दुसऱ्यानं केसाला धरून डोकं वर उचललं, प्रशिक्षकानं दोन्ही गालांवर चटाचटा ठेवून दिल्या.

"ऊठ रे! नव्या नवरीसारखा लोळतोस काय?"

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत ही रीतच आहे. कबड्डीत कोणी बेशुद्ध पडला की पाणी, मग थपडा, मग कान चोळायचे, मग तोंडात अर्धं लिंबू पिळायचं. आणि डोळे उघडले की पुढची चढाई त्यानंच करायची. नाही केली तर घाबरला असं धरतात. घाबरलेल्याला वाडी वर्षभर सोडत नाही, शिमग्यात त्याच्या नावानं बोंब मारतात.

त्यानं चढाई केली. दोन गडी मारून आला. शिट्ट्या वाजल्या. मग करवंदीच्या जाळीमागं जाऊन तो भडाभडा ओकला. ते फक्त मी बघितलं.

त्या रात्री जेवताना त्यानं मला विचारलं, "उद्या ड्युटी कुठं?" मी सांगितलं. भात वाढेपर्यंत परत विचारलं. परत सांगितलं. ताटावरून उठताना तिसऱ्यांदा. त्याची आई हसली, "गो बाय, ह्याचं ध्यान कुठं हाय?" चार दिवसांनी आमटी जास्त गरम म्हणून त्यानं ताट भिरकावलं. ताटाची कड आईच्या भुवईवर लागली. रक्त पदरानं दाबत ती मला म्हणाली, "मॅच जवळ आली की ह्याचं असंच होतं." पण तो पोरगा तसा नव्हता. मी पाच वर्षं त्याच घरात जेवत होतो, मला माहीत होतं.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर झालो, मग डायवर, आणि फिरत फिरत महाडजवळच्या एका खासगी दवाखान्याच्या अँब्युलन्सवर आलो. एकट्या परक्या माणसाला कोणी खोली देईना, तेव्हा या बाईनं पडवीलगतची खोली दिली. तापानं फणफणलो होतो तेव्हा पेज करून पाजली. मी तिला मावशी म्हणतो. माझ्या आईच्या खालोखाल मी कोणाचा मिंधा असेन तर तिचा. म्हणूनच पोरगा माझ्या खोलीत येऊन माझी कॉलर धरून म्हणाला, "आयेला सांगितलंस तर तुझी ट्रंक सावित्री नदीत टाकीन, घाट्या," तेव्हा मला ट्रंकेची नाही, त्या घराची भीती वाटली. मग कॉलर सोडून तोच गयावया करायला लागला. "फायनल होऊ दे. मग दाखवतो डॉक्टरला. तुला माझी शपथ हाय." मी शपथ घेतली.

आणि त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टर मॅडमनी मला मीटिंगला बोलावलं.

मीटिंगला मॅडम, एक सिस्टर आणि मी. विषय, मेंदूला मार लागल्याची लोकांना माहिती कशी द्यायची. त्यामागं एक कारण होतं. आदल्या वर्षी घाटातून पडलेला एक मोटारसायकलवाला मी आणला होता. पडल्यावर तो उठून चालत घरी गेला होता, डोक्याला खरचटलंही नव्हतं. घरच्यांनी "दमलाय, झोपू दे" म्हणून झोपवला. सकाळी हाका मारल्या तर उठेना. माझ्या गाडीत, दासगावच्या अलीकडं, तो गेला. त्याच्या बापानं स्ट्रेचरच्या दांडीवर स्वतःचं कपाळ आपटून घेतलं, इतकं की सिस्टरनी मागून त्याला मिठी मारली. ती दांडी अजून वाकडी आहे.

मॅडमचा बेत असा होता: पोलादपुरात हॉल घ्यायचा, पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवायची, शेवटी चहा-बिस्कीट. सिस्टरनी वहीत लिहून घेतलं. मी गाडीची चावी बोटावर फिरवत बसलो. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला पटलेलं दिसत नाही."

शिकलेल्या माणसांत बोलायची मला सवय नाही. तरी म्हणालो, "मॅडम, हॉलात तुमच्या ओळखीचे मास्तर येतील. ज्यांची डोकी फुटतात ते नाही यायचे. ते कबड्डीच्या मैदानावर असतात. वरच्या वाडीच्या फायनलला सगळा तालुका लोटतो, मुंबईचे चाकरमानीसुद्धा."

"आणि तिथं चित्रं कशी दाखवायची?"

"चित्रं नको. काहीतरी हातात धरायचं दाखवा."

बराच वेळ डोकं चालवलं. मॅडम म्हणाल्या, बंद डब्यात पनीर ठेवून डबा जोरात हलवायचा. डब्याला पोचा पडत नाही, पण आतल्या पनीरचा चुरा होतो. मेंदूचं तसंच. मी म्हणालो, "पनीर कोणी खाल्लंय इथं? खरवस घ्या. आमच्या मावशीची म्हैस फायनलच्या सुमारास व्यायला झालीय." मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. मग गंभीर होऊन म्हणाल्या: "पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर तो जीव घेऊ शकतो. तेवढं एक जरी लोकांना कळलं तरी आपला कार्यक्रम झाला."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "हो मॅडम," आणि बाहेर जाऊन गाडीचा ऑक्सिजन तीनदा तपासला.

परवानगी मागायला वाडीच्या क्रीडामंडळाकडं मीच गेलो. देवळाच्या ओट्यावर पाचसहा जण होते. अध्यक्ष मुंबईत गिरणीपासून टॅक्सीपर्यंत सगळं करून परत आलेले. पत्र त्यांनी लांब धरून वाचलं.

"मेंदू? आमच्या पोरांना मेंदू हाय असा तुमच्या मॅडमना डाऊट हाय वाटतं!"

सगळे खिदळले. मीही हसलो. मग म्हणालो, "काका, दहा मिनिटं फायनलच्या आधी. आणि एक नियम करा, डोक्याला लागून जो पडेल तो त्या दिवशी परत खेळणार नाही."

कोपऱ्यात बसलेला संघाचा प्रशिक्षक उठला. ज्यानं त्या दिवशी थपडा मारल्या होत्या, तोच. "तू घाटावरचा. तुला कबड्डीतलं काय कळतंय? मी तीनदा बेशुद्ध पडलोय ह्या मातीत. काय झालं मला?" बोलता बोलता त्याचा डावा हात थरथरत होता, तो त्यानं उजव्या हातानं धरून ठेवला होता. कोणी तिकडं बघत नव्हतं. सवयीचं झालं असावं.

"तुमचा नियम लावला तर पोरांना लगोरीच खेळायला लावू," अध्यक्ष म्हणाले. "टाइम देतो. दहा मिनिटं. नियमाचं बोलू नका."

खरवस मावशीनंच करून दिला, गूळ-वेलची घालून. "डॉक्टरीणबायला आवडंल ना रे?" मी सांगितलं, खायला नाही, हलवायला आहे. "अन्नाची मस्करी!" म्हणाली, पण डबा घासूनपुसून दिला.

फायनल दुपारी चारला. मैदानाच्या चारी बाजूंनी माणूस. समोरचा संघ खालच्या गावचा. गेल्या वर्षी दोन्ही गावांत लाकडांनी मारामारी झालेली, त्यामुळं सुरुवातीपासूनच आयाबहिणींवरून चाललं होतं. मॅडम आणि सिस्टरना मी अँब्युलन्समधूनच आणलं होतं. मॅडम माईकवर आल्या. डबा वर धरला, जोरजोरात हलवला, झाकण काढून पुढच्या रांगेतल्या बायकांसमोर वाकडा केला. सकाळी थरथरणारी घट्ट वडी होती, तिचा आत लगदा झाला होता.

"डब्याला काही झालंय का?" मॅडमनी विचारलं.

"डब्याला कशाला, आम्हाला द्या, खातो!" मागून कोणीतरी ओरडला. मैदान हसून फुटलं. मॅडम त्यातही बोलत राहिल्या: ओकारी, तेच तेच विचारणं, विनाकारण राग, झोप. एक एक बोटावर मोजून सांगितलं. ऐकत कोणी नव्हतं. फक्त पहिल्या रांगेत मावशी डब्याकडं बघत होती आणि भुवईवरच्या खपलीला बोट लावत होती.

सामना सुरू झाला. त्याला कबड्डी म्हणायचं म्हणून म्हणायचं. पहिल्याच पकडीत एकाचं नाक फुटलं. कोपर, गुडघे, मुंडकी, सगळं चाललं होतं. पंच शिट्टी फुंकून लालबुंद झाला. मालकिणीचा मुलगा चार चढायांत सहा गुण घेऊन आला, पण दर वेळी परतताना मध्यरेषा चुकवल्यासारखा तिरपा यायचा. लोकांना ती ऐट वाटली.

मध्यंतराला मी उठलो. समालोचक पाणी पीत होता, मी माईक उचलला आणि एका दमात बोललो, "वरच्या वाडीचा हा गडी पंधरा दिवसांपूर्वी बेशुद्ध पडलाय. ओकलाय. तेच तेच विचारतोय. त्याला खेळवू नका. मरेल तो."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कोणीतरी म्हणालं, "खालच्या गावानं फोडलाय ह्याला!" पहिला बुक्का मानेवर बसला. मी पडलो तर चपला, लाथा. तोंडात माती आणि काहीतरी कडक, तो माझाच दात होता. मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन गोळा झालो. मॅडमच्या हातातला डबा तेवढा आठवला. मला फरफटत दोरीबाहेर टाकलं. टाकणाऱ्यांत मालकिणीचा मुलगाही होता. त्याची शेवटची लाथ बरगडीत बसली.

मावशी रेषेपर्यंत आली होती. "बाळा, बाहेर ये. ह्यो म्हणतोय ते खरं हाय का?"

"आये, बस खाली! घाट्याचं ऐकतेस?" तो हसला आणि शिट्टी झाल्याबरोबर चढाईला गेला.

खालच्या गावच्या चौघांची साखळी होती. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही, तेही सांगायला पाहिजे. नेहमीची पकड. तो मागं पडला आणि डोक्याची मागची बाजू मातीवर आपटली, फार जोरातही नाही. पण हात-पाय एकदम ताठ झाले.

बादली आली. प्रशिक्षक धावला. त्यानं हात उगारलाच होता, तेवढ्यात मावशी मधे घुसली आणि मुलावर आडवी झाली. बादलीचं पाणी तिच्या पाठीवर पडलं.

"हात लावाल तर चावीन!" ती किंचाळली. "आतून ढवळलाय तो! आतून ढवळलाय!"

मॅडम धावल्या, मान दोन्ही हातांनी धरली, मला हाक मारली. "गाडी चालवता येईल का तुम्हाला?" मी रक्त थुंकलो आणि चावी काढली.

मॅडमनी पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला आणि सिस्टर व मावशीला मागं बसवलं; दवाखान्यात दुसरा डॉक्टर नव्हता, म्हणून त्या स्वतः थांबल्या. निघताना मला म्हणाल्या, "शुद्धीवर येऊन बोलायला लागला तर ठीक. बोलणं थांबलं, ओढून बोलायला लागला, तर लगेच मला फोन."

महाड सोडता सोडता तो शुद्धीवर आला आणि पहिलं काय केलं तर मला शिव्या द्यायला लागला. आईवरून, जातीवरून, परभणीवरून. फायनल घालवलीस, तुझं तोंड बघणार नाही, तुझी ट्रंक जाळतो. मी गाडी चालवत होतो, फुटलेल्या ओठांनी, आणि खरं सांगतो, एवढ्या आनंदानं मी कोणाचं बोलणं आयुष्यात ऐकलं नाही. प्रत्येक शिवी आली की वाटायचं, आहे, अजून आहे.

लोणेरे गेलं, तशा शिव्या कमी झाल्या. मग नुसतं पुटपुटणं. मग काहीच नाही.

"सिस्टर?" मी ओरडलो.

"श्वास आहे. चालवा." सिस्टर फोनवर मॅडमना सांगत होत्या.

मागून मावशीचा आवाज आला. ती रडत नव्हती, हुकूम सोडत होती. "बाळा, शिव्या दे रे त्याला. दे ना. त्यानं तुझी फायनल घालवली. तुझी शपथ मोडली. मेल्या म्हण, भाड्या म्हण, काय पण म्हण." मग तिनंच सुरुवात केली. जिनं मला पेज पाजली होती, ती बाई मला एक एक शिवी हासडायची आणि मुलाला म्हणायची, "हां, आता तू." मी "हो मावशी, बरोबर आहे" म्हणत ॲक्सिलेटर दाबत होतो. आरशात काही दिसत नव्हतं, माझेच डोळे भरले होते.

डोक्याचं ऑपरेशन, एका बाजूचं अधूपण, पुढं कधीच न मिळालेलं मैदान, हे सगळं नंतरचं. पुढच्या वर्षीच्या मीटिंगला थरथरता हात घेऊन प्रशिक्षक स्वतः आला, तेही नंतरचं. तेव्हा माझ्यापुढं फक्त रस्ता होता आणि माणगावच्या अलीकडं अर्धवट बुजवलेला एक खड्डा, जो मला दिसला नाही. गाडी उडाली. मागं सगळं आदळलं.

आणि जड जिभेनं, एक एक अक्षर ओढत, तो बोलला.

"घाट्या... हळू चालव."