धावपट्टीवरचं पान

माझ्या पत्नीने स्वतःच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी एक धावपट्टी बंद पाडली.

त्याच दिवशी आमची मुग्धा ग्लायडर घेऊन पहिल्यांदा एकटी उडणार होती. लेकीचं हे उड्डाण सुनंदाला पाहायचं होतं. तिचं राहून गेलं. दवाखान्यात तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं, की निदान मी तरी ते पाहीन. (मला स्टुलावर चढलो तरी घेरी येते. पण हे खालून पाहायचं होतं, म्हणून हो म्हणालो.)

सकाळी नागपुरातल्या बेसा भागातल्या आमच्या घरी गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळा येईना. आमच्याकडे कबुतरंच फार. माझी थोरली बहीण विमलताई हात जोडून एकेक वचन देत गेली: मुग्धाचं शिक्षण, माझं पथ्य, कुंड्यांना पाणी. कावळा ढिम्म. शेवटी ताईने पानच उचललं.

"तिले पोरीले उडताना पाहाचं हाय. इथं काहून येईन ते?"

वडे, खीर, भात असं सगळं माझ्या मांडीवर घेऊन आम्ही नागपूरबाहेरच्या मैदानावर पोचलो.

ग्लायडरला इंजिन नसतं. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाचं यंत्र लांबलचक तारेने त्याला ओढतं आणि ते पतंगासारखं वर चढतं. त्यामुळे तार ताणण्याआधी पट्टी आणि आकाश दोन्ही मोकळं लागतं. शिकवणाऱ्या सरांनी आम्हा पाहुण्यांनाही बजावलं, की काही खटकलं तर कोणीही 'थांबा' ओरडावं. मी तो नियम नीट समजून घेत होतो. तेवढ्यात ताईने मैदानातली सर्वांत स्वच्छ, झाडलेली जागा शोधून पान ठेवलं. ती धावपट्टीची कड होती.

मुग्धा आत बसली. झाकण लागलं. पंख धरणाऱ्या मुलाने पंख सरळ केला आणि एक कावळा आला. मग दुसरा. मग बहुधा बुटीबोरीपर्यंत निरोप गेला!

मी जन्मभर ग्रंथालयात लोकांना गप्प बसवलेला माणूस. पण 'थांबा' असा ओरडलो, की लाल झेंडा वर गेला, यंत्र बंद झालं आणि दोन कुत्री जागच्या जागी बसली.

सर कावळे हाकलायला धावले. ताई आडवी आली.

"हात नोका लावू! वर्षभरानं जेवून राह्यली ते."

सर नागपूरचेच. त्यांनी मुकाट्याने टोपी काढली. रेडिओवर मुग्धाने विचारलं, काय झालं? सर घसा खाकरून म्हणाले, "तुझी आई जेवते आहे."

रेडिओ खरखरला.

"तिला सांगा सर, वारा फिरतोय."

वारा फिरला की तार, यंत्र, सगळं उलट्या टोकाला न्यायचं. त्यात दिवस जाणार आणि उड्डाण पुढच्या रविवारवर. ताई हटेना, कावळे हटेनात. मग मीच हटायचं ठरवलं. पान अलगद उचलून डोक्यावर धरलं आणि कुंपणाकडे चालू लागलो. कावळे वरून जेवत माझ्याबरोबर निघाले. खीर कॉलरमधून पाठीवर उतरली, एक वडा चष्म्यावर आपटला. ताई मागून ओरडत होती, "हळू चाल गा मधू, तिले ठसका लागन!" मी थांबलो नाही. कुंपणाच्या फाटकातून बाहेर, पार बाभळीपर्यंत गेलो. तिथे एक कावळा पान सोडून थेट माझ्या टाळूवर बसला आणि मी डोळे गच्च मिटले.

मागे शिट्टी झाली. डोक्यावरून सुईऽऽऽ असा आवाज गेला. टाळूवरचा कावळा हलेना. काही मिनिटांनी टाळ्या झाल्या.

मी डोळे उघडले तेव्हा मुग्धा उतरून माझ्याकडे पळत येत होती. "बाबा, पाहिलंत?"

मी खरं ते सांगितलं. तिचा चेहरा पडला. मागून धापा टाकत आलेल्या ताईने तिला जवळ घेतलं.

"त्यानं नाही पाह्यलं तं काय झालं वं? जिले पाहाचं होतं तिनं पाह्यलं नं!"

हे मात्र कबूल. तिला माझ्या टाळूवरून नीट दिसावं म्हणून तर मी दोन्ही हात वर करून, डोळे मिटून, खिरीत निथळत उभा होतो.